दिवसाच्या दिव्याची कहाणी

ऐक राखणाई, तुझी कहाणी. आटपाट नगरी होती, नगरीला नदी होती, नदीच्या अंगाला रंगाऱ्यांची आळी होती. त्या आळीत निळोबा रंगारी राहत होता. बायकोचं नाव आवडा, लेकीचं नाव चिमी. निळोबाच्या हाताला गुण होता. त्यानं रंगवलेलं लुगडं फाटेल पण विटायचं नाही. निळोबा रंगवी, आवडा पिळी, चिमी वाळत घाली. दिवस सुखाचे होते.

एके वर्षी राजाच्या मुलीचं लग्न निघालं. माणकशेट कापडवाल्यानं निळोबाला कापडाचे ताग्यांवर तागे दिले. निळोबानं नीळ उधार आणली, सरपण उधार आणलं. सगळं कापड रंगवलं आणि नदीच्या वाळवंटात वाळत घातलं. इथं ऊन लख्ख पडलेलं, पण वर डोंगरात कुठं पाऊस झाला कोण जाणे, पाण्याचा लोंढा आला. माणसं पळाली, कापड राहिलं. लाल गेलं, पिवळं गेलं, निळं गेलं.

मग काय झालं? नीळवाला दारी आला, "माझे पैसे दे." सरपणवाला दारी आला, "माझे पैसे दे." माणकशेट दारी आला, "माझ्या कापडाचं काय?" निळोबा एकाला म्हणे देतो, दुसऱ्याला म्हणे देतो, तिसऱ्याला म्हणे देतो. देणार कुठून? घर, दार, गाडी, बैल सगळं विकलं तरी पुरं पडणार नव्हतं.

त्या नगरीची एक रीत होती. ज्याला देणं फेडवेना, त्यानं भर दुपारी दारात दिवा लावावा. दिवा पाहून राजाचा कारभारी येई, घरातलं विके, ज्यांचं त्यांना वाटून देई, आणि तिथं ते देणं सरे. पण दिवा लावायला कुणी धजत नसे. लोक म्हणत, कारभारी आला की चुलीतली राखसुद्धा नेतो.

निळोबानं तेच ऐकलं होतं. तो जेवेना, बोलेना, भिंतीकडे तोंड करून बसे. एक दिवस म्हणाला, "आवडे, मी कुठंतरी निघून जातो. मी नसलो तर तुम्हां मायलेकींना कुणी छळायचं नाही." आवडेनं घागर उचलली, नदीवर गेली, पाणी भरायचं सोडून रडत बसली.

तिथं एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. म्हणाली, "बाई बाई, का रडतेस?"

"काय सांगू आजी? देणं डोक्याएवढं झालं. मालक घर सोडून चालले."

"मग दिवा का लावत नाहीस?"

"दिवा लावला तर सगळंच जाईल."

"सगळं कसं जाईल? त्यात राखणाईचा वाटा असतो. तो राजालाही नेता येत नाही."

आवडेनं डोळे पुसले. म्हणाली, "राखणाईचा वाटा म्हणजे काय, आजी?"

म्हातारी म्हणाली, "माणूस ज्यावर पोट भरतो ती त्याची हत्यारं. रांधायची भांडी आणि घरात खायला लागेल तेवढा दाणा. अंगावरचं वस्त्र, अंथरूण-पांघरूण. देव्हाऱ्यातले देव, गळ्यातलं मंगळसूत्र. आणि चुलीवरचं छप्पर. एवढं राहतं, बाकीचं जातं."

"मग मला वसा सांगा."

"वसा घेशील आणि अर्धा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, अर्धा टाकणार नाही."

मग म्हातारीनं वसा सांगितला. "न्हाऊन धुऊन चुलीला हळदकुंकू वाहावं. धंद्याच्या हत्यारांना वाहावं. अंथरुणाला हात जोडावे. भर दुपारी दारात दिवा लावावा. आणि झाकून काही ठेवू नये. झाकलं तर राखणाई पाठ फिरवते, राहायचं तेही जातं." आवडा घागर भरायला वाकली. वर पाहते तो काठावर कुणी नाही.

आवडा घरी आली. न्हाली, चूल पुजली, रंगाची कढई पुजली, अंथरुणाला हात जोडले. वात केली, तेल घातलं, आणि पिठाच्या डेऱ्याकडे पाहून तिचं पाऊल अडलं. त्या डेऱ्यात तिनं सोन्याचे दोन गोठ पुरून ठेवले होते. आईनं हातात घातलेले गोठ. चिमीच्या लग्नात चिमीच्या हातात घालायचे, असं मनात धरलं होतं. मन म्हणे ठेव, कोण पाहतंय? आवडा कितीतरी वेळ उभी राहिली. मग पिठात हात घातला, गोठ काढले, पदरानं पुसले आणि उंबऱ्यावर ठेवले.

निळोबा म्हणाला, "हे काय करतेस? लोक काय म्हणतील?"

आवडा म्हणाली, "लोक आजही म्हणतातच आहेत. तुम्ही असलात म्हणजे मला पुष्कळ झालं."

तिनं दिवा लावला.

दिवा पाहून आळी गोळा झाली. राजाचा कारभारी आला, मागून नीळवाला, सरपणवाला, माणकशेट आले. कारभाऱ्यानं विचारलं, "बाई, झाकलेलं काही आहे?" आवडा म्हणाली, "होतं. ते उंबऱ्यावर ठेवलंय." कारभाऱ्यानं गोठ उचलले, तिच्याकडे पाहिलं, आणि खाली मान घालून थैलीत टाकले.

मग गाडी गेली, बैल गेले, वखार गेली, पितळेचे हंडे गेले. तरी माणकशेटचं समाधान होईना. म्हणाला, "ती कढई तांब्याची आहे. ती घ्या."

कारभारी म्हणाला, "शेट, तो रंगारी आहे. कढई नेली तर रंगवील कशात?"

"मग त्या घोंगड्या घ्या."

"थंडीत पोर काय पांघरील?"

"मग बाईच्या गळ्यातलं तरी."

"त्याला राजा हात लावत नाही, तुम्ही कोण?"

कारभाऱ्यानं जे आलं ते तिघांना वाटून दिलं, आणि आळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "निळोबा रंगाऱ्याचं देणं सरलं. आजपासून त्याच्या दारी कुणी मागायला यायचं नाही."

सगळे निघून गेले. निळोबानं घरात पाहिलं. चूल होती. पातेलं होतं, तवा होता, कणगीच्या तळाशी दाणे होते. परसात कढई होती. कोपऱ्यात घोंगड्यांची घडी होती. तो कढईपाशी बसला, तिच्या काठावर हात ठेवला आणि ढसढसा रडला. आवडेनं रडू दिलं. मग तो म्हणाला, "आवडे, भूक लागली गं." आवडेनं गरम भाकऱ्या थापल्या, मीठमिरची वाढली. निळोबा पोटभर जेवला आणि पाय पसरून झोपला. किती दिवसांनी तो घोरत होता, आणि आवडेला ते गोड लागत होतं.

पुढं काय झालं? कढई होती, हात होते. शेजारणीनं पातळ रंगवायला दिलं, तिचं पाहून आणखी कुणी दिलं. एक दिवस माणकशेट दारात उभा राहिला. म्हणाला, "निळोबा, राग धरू नकोस. दुसऱ्याकडे दिलं ते एका धुण्यात विटलं. माझं कापड तूच रंगव. पैसे रोख देतो." निळोबानं आवडेकडे पाहिलं. आवडा म्हणाली, "घ्या." त्यानं घेतलं. हळूहळू वखार नवी झाली, बैल आले. चिमीचं लग्न झालं. गोठ नव्हते, म्हणून आवडेनं तिला पाच रंगांची पाच लुगडी दिली. सासरच्या बायका ती हातात घेऊन पाहत बसल्या.

आवडेनं वसा टाकला नाही. नगरीत कुणाच्या घरी देणं डोईजड झालं, माणूस भिंतीकडे तोंड करून बसला, की त्या घरची बाई आवडेकडे येई. आवडा तिच्याबरोबर जाई, चूल पुजायला लावी, झाकलेलं काढायला लावी, आणि वात लावताना तिला आपला हात धरायला देई.

जशी राखणाई आवडेला पावली, तिचा माणूस राखला, तिची चूल राखली, तशी ती तुम्हांआम्हां ऐकणाऱ्यांना पावो. कुणाच्या घरी माणूस उपाशी भिंतीकडे पाहत न बसो. साठा उत्तरांची ही कहाणी पाचा उत्तरांनी सांगितली, फळाला आली, पुरी झाली.