नऊ उल्लेखांपैकी एक

मुलाखतीच्या खोलीचं दार करकरलं तरी मी दचकले. पण अन्नप्रयोगशाळेतली ही कायमची जागा मिळवायचीच, हे पक्कं होतं. समितीचे अध्यक्ष होते डॉ. टिळेकर, अन्नरसायनातलं बडं प्रस्थ.

"वेर्णेकरबाई, सहा वर्षं नुसतं कोकमच वाळवलंत?" माझी फाईल त्यांनी दोन बोटांनी उचलली. "एकच शोधनिबंध, आणि त्याचा उल्लेख करणारे अवघे नऊ निबंध! माझे स्वतःचे तीनशे बारा निबंध आहेत. उल्लेख मोजणं तर मी केव्हाच सोडलं."

मी पिशवीतून एक छापील निबंध काढला.

"नऊच आहेत, सर. पण त्यांतला एक उल्लेख तुम्ही केलाय."

"मी?" ते खो खो हसले. "अहो, तुमचा निबंध मी उघडूनसुद्धा पाहिलेला नाही!"

मी त्यांचाच गेल्या वर्षीचा निबंध पुढे सरकवला. लेखकांत पहिलं नाव त्यांचं होतं. तिसऱ्या पानावर छापलं होतं, 'रंग टिकावा म्हणून आम्ही कोकम वेर्णेकर यांच्या पद्धतीने वाळवलं.'

त्यांच्या शेजारी बसलेल्या, समितीतल्याच इनामदारबाई वाकून वाचू लागल्या. "टिळेकर, हासुद्धा उघडला नव्हता वाटतं?"

मी टिळेकरांकडे वळले. "सर, माझा एकच आहे, पण तो मीच लिहिलाय. कुठल्याही ओळीवर विचारा."

मग पाऊण तास सगळ्यांनी फक्त कोकमाबद्दलच विचारलं.

आठवड्याने नेमणुकीचं पत्र आलं. खाली सही टिळेकरांची होती. या वेळी त्यांनी वाचून केली असावी.