बगळा आणि मोठा मासा

मोबाइल नुकतेच लोकांच्या खिशात आले होते, तेव्हाची गोष्ट. तळ्याकाठी एक माणूस सकाळपासून मान खाली घालून मोबाइल बघत बसला होता. बगळा चक्रावला. 'मासा मिळाला की मी मान वर करतो. हा तर करतच नाही! केवढ्या मोठ्या माशावर टपलाय हा?'

मोठ्या माशाच्या आशेने तोही तसाच मान वाकवून उभा राहिला. पायापाशी मासे येऊन गेले, घरट्यात पिल्लं ओरडून थकली, पण बगळा हलला नाही.

संध्याकाळी माणूस मान चोळत, कण्हत उठला.

"दादा, काय मिळालं?" बगळ्याने विचारलं.

"कुठं काय! जरा बघत होतो."

बगळ्याला काही कळेना. पिल्लांकडे बघावं म्हणून तो मान उचलायला गेला, तर ती वरच होईना.