डोहातले फुटके दगड

गाव नावाची गोष्ट अजून जन्मालाच आली नव्हती, त्या काळातली ही हकीकत. एका नदीकाठच्या गुहेत वीसबावीस माणसांचं एक कुळ राहत असे. त्यांच्याकडे लोखंड नव्हतं, तांबं नव्हतं. शिकार फाडायची, कातडं खरवडायचं, कंद खणायचे, ते सगळं दगडाच्या धारेवर. आणि ती धार काढणारी एकच बाई होती. तिचं नाव शेवरी.

शेवरीने गारगोटीच्या दगडावर गोट्याचा तिरका घाव घातला की पानासारखं पातळ पातं सुटे. त्याने गव्याचं जाड कातडंसुद्धा सहज चिरलं जाई. "शेवरीच्या हाताला चूक ठाऊक नाही," असं लोक म्हणत. शिकारीतला पहिला वाटा, काळजाचा तुकडा, तिला मिळे. शेकोटीजवळची उबदार जागाही तिचीच.

खरी गोष्ट निराळी होती. शेवरी एकटी नदीपलीकडे, मोठ्या खडकाआड बसून काम करी. तिचेही दगड फुटत, आणि एकदोन नव्हे, पुष्कळ फुटत. पण फुटका दगड ती लगेच शेजारच्या डोहात टाकून देई आणि गुहेत फक्त साधलेली पाती घेऊन येई. आपला हात चुकतो हे कळलं तर आपल्याला कोण विचारणार, ही भीती तिने आयुष्यभर सांभाळली होती.

ओंबी ही तिच्या बहिणीची मुलगी. तिने एकदा हौसेने दोन दगड घेतले. दोन्ही मधोमध फुटले. "ही कला माझ्या हातात नाही, मावशी," म्हणून तिने गोटा खाली ठेवला. तेव्हा शेवरी गप्प बसली. खोटं कशाला बोला, तिला मनातून थोडं बरंच वाटलं होतं.

एका उन्हाळ्यात शेवरी खडकावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. वेळ मोठी वाईट होती. नदी आटली की गव्यांचा कळप त्या डोहावर पाण्याला येई. तेव्हा केलेली शिकार चिरून, वाळवून ठेवली, तरच पावसाचे चार महिने निभत. जुनी पाती बोथट झाली होती. नवी झाली नाहीत, तर मांस तरसांच्या घशात जाणार आणि पावसाळ्यात पोरंबाळं उपाशी मरणार.

कुळाचा म्हातारा जांभा ओंबीला म्हणाला, "पोरी, आता तूच बस."

ओंबीने एक दगड घेतला. पहिल्याच घावाला त्याची दोन शकलं झाली. ती उठलीच. "नाही जमायचं मला. मावशीचा दगड कधी फुटला होता का?"

फुटला होता, हे शब्द शेवरीच्या अगदी जिभेवर आले. तिने ते गिळले.

चार दिवसांनी जांभा कळपाच्या पायखुणा बघायला डोहावर गेला आणि तिथूनच त्याने हाका मारून सगळ्यांना बोलावलं. कधी न आटणारा डोह त्या साली तळाला गेला होता. कडेच्या चिखलात फुटक्या दगडांचा कमरेएवढा ढीग उघडा पडला होता.

"आपल्या आधी इथे कोणीतरी अडाणी माणूस राहत असणार," एकजण म्हणाला. सगळे हसले. शेवरीचा जीव भांड्यात पडला. तिने नुसतं गप्प राहायचं होतं.

ओंबी मात्र हसली नाही. एक तुकडा उचलून ती हळूच म्हणाली, "माझ्यासारखंच कुणीतरी होतं म्हणायचं. बिचारं."

शेवरीला ते ऐकवेना. "ते बिचारं मीच गं," ती म्हणाली.

कोणाचा विश्वास बसेना. तेव्हा शेवरी त्या चिखलातच बसली आणि डाव्या हाताने एकेक दगड उचलू लागली. "हा बघ. घाव फार आत बसला, म्हणून दुभंगला. घाव कडेला हवा. ह्याला आतून तडा होता. चांगला दगड खणखणतो, आधी वाजवून बघायचा असतो. मी बघितला नाही. आणि हा रागात फोडला. तुझ्या आईशी भांडून आले होते."

"एका पात्यामागे किती फुटतात, मावशी?"

"तुझ्या वयाची होते तेव्हा हातापायांच्या बोटांएवढे. अजूनही एका हाताच्या बोटांएवढे फुटतात."

ओंबीने हातातला तुकडा ढिगावर परत ठेवला. मग काठावरचा एक अखंड दगड घेऊन वाजवला. बद्द आवाज आला. तिने तो बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला.

त्या दिवशी तिने पुष्कळ दगड फोडले. दर वेळी दोघी शकलं हातात घेऊन घाव कुठे चुकला ते बघत. तिसऱ्या दिवशी पहिलं पातं सुटलं. वेडंवाकडं होतं, पण त्याला धार होती. कळप आला तोवर पुरेशी पाती तयार झाली, आणि त्या पावसाळ्यात कुळातलं एकही मूल उपाशी झोपलं नाही.

शिकारीच्या दिवशी जांभाने काळजाचा तुकडा ओंबीपुढे धरला. तिने तो मावशीच्या हातात ठेवला. शेवरीला रडू आवरेना. मग ओंबीने आपले फुटके दगड गोळा केले आणि ते गुहेच्या तोंडाशी रचून ठेवले, पुढे शिकायला बसणाऱ्यांना दिसावेत म्हणून.

तात्पर्य: जो आपल्या चुका लपवतो, तो शिकणाऱ्याची हिंमत मोडतो. ज्याला काही शिकवायचं आहे, त्याने साधलेल्या कामाबरोबर फसलेलं कामही दाखवावं.