थोरलीच्या काठची हाक

थोरली नदीवर पूल झाला, त्याच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट. सांगणारे गेले, ऐकणारे सांगणारे झाले, आणि गोष्ट मात्र उंबरकाठ गावात अजून नांदते आहे. बसा, सांगतो.

फार वर्षांपूर्वी उंबरकाठात मालू नावाचा नावाडी होता. गाव नदीच्या अल्याड आणि शेतं पल्याड, त्यामुळं मालूच्या होडीशिवाय गावाचं पान हलत नसे. मालू काळा, आणि त्याची बायको येसू त्याच्याहून काळी, नदीतल्या खडकासारखी तुकतुकीत. त्यांच्या पोटी जे पोर आलं, ते हातात घेऊन सुईण दारापर्यंत उजेडात गेली आणि पुन्हा आत आली. पोराचे केस सावरीच्या कापसासारखे पांढरे होते. पापण्या पांढऱ्या होत्या. अंगाला रंग म्हणून नव्हता.

बातमी गावभर फिरली. कुणी म्हणालं, येसूनं ग्रहण पाहिलं असणार. कुणी म्हणालं, डोहातल्या आसरांनी पोर बदललं. अर्धं गाव मालूच्या दारात जमलं, असं म्हणतात, आणि येसू बाजेवरूनच ओरडली, "ग्रहण तर सगळ्या गावानं पाहिलं. मग तुमची पोरं कशी काळी राहिली? बाजूला व्हा, वारा येऊ द्या. पोराला भूक लागलीय."

त्या पोराचं नाव चांगो ठेवलं.

अशी माणसं तेव्हाही जन्मत होती, आजही जन्मतात. रंग कातडीत उतरत नाही, डोळ्यांतही उतरत नाही, म्हणून ऊन सोसत नाही आणि नजर अधू राहते. तो शाप नाही, आणि वरदानही नाही. पण एवढी गोष्ट समजायला उंबरकाठाला बराच वेळ लागला.

चांगो उन्हात थोडा खेळला की त्याच्या खांद्यांवर फोड येत. म्हणून मालूनं त्याच्यासाठी इरलं विणलं. बांबूच्या कामट्या आणि पळसाची पानं यांचं ते पांघरूण पावसाळ्यात सगळेच डोक्यापाठीवर घेत. चांगो ते उन्हाळ्यातही घेई. चैत्रातल्या दुपारी तो इरलं घेऊन निघाला, की पारावरची माणसं कपाळाला हात लावून आभाळ बघत. "पळा रे पळा, पाऊस आला!" कुणी उठून वाकून मुजरा करी, "सलाम, गोरे सायब! औंदा आमचा सारा माफ करा की."

चांगो थांबून म्हणे, "बघू. आधी तंबाखू काढा."

माणसं हसत. तोही हसे. पण घरी आल्यावर तो भिंतीकडं तोंड करून बसे, हे येसूला ठाऊक होतं.

त्याची बुबुळं पाण्यावरच्या पानासारखी सारखी हलत असत. मान किंचित डावीकडं कलती ठेवली, की त्याला जरा बरं दिसे. हाताच्या अंतरावरचं सगळं तो नीट पाही, जाळ्याची तुटलेली गाठ अचूक शोधी. पण नदीचा पलीकडचा काठ त्याला कधी दिसला नाही. तिकडं नुसता हिरवा-करडा धूर असे. तरी बापाबरोबर बसून तो वल्हं मारायला शिकला. धार कुठं ओढते आणि कुठं सोडते, हे वल्ह्यातून हाताला कळतं, आणि हाताला कळलं की झालं.

पुढं मालू वारला आणि प्रश्न उभा राहिला, की वल्हं कुणाच्या हातात द्यायचं. चांगोला त्याच्या बापाचं वल्हं हवं होतं. दुसरं काहीच नको होतं.

गावचे पाटील रायाजी. ते वाईट माणूस नव्हते, पण फार मोठे माणूस होते. ते कधी कुणाला हाक मारत नसत, माणूस पाठवून बोलावत. नदीवर आले की नुसती काठी उंच धरत, आणि मालू होडी घेऊन येई.

चावडीवर रायाजी म्हणाले, "चांगो, तुला समोरचा काठ दिसत नाही. होडी कशी चालवणार?"

"आबा, काठ जागचा हलत नाही," चांगो म्हणाला. "माणसं हलतात. माणसांनी हात हलवू नये, हाक मारावी. नाव घेऊन हाक मारली, की मी येतो."

"आणि नाही मारली तर?"



शेवटी पाटलांनी ठरवलं, की दसऱ्यापर्यंत बघायचं. एक माणूस जरी पल्याड अडकून राहिलं, तरी वल्हं दुसऱ्याकडं जाईल.

तेव्हापासून उंबरकाठच्या नदीवर हाका सुरू झाल्या. गडीमाणसं पल्याडहून तोंडाशी हात नेऊन ओरडत, "चांगोऽऽ, मी लखू साळी!" आणि इकडून उत्तर जाई, "आलोऽऽ!" चांगो आवाजाच्या रोखानं नाव हाकी, आणि होडीचं नाक बोलणाऱ्याच्या पायाशी लागे. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. एकही माणूस राहिलं नाही.

मग आषाढात एका दिवशी माणसं राहिली.

पल्याड बायका एकट्याच खुरपणीला गेल्या होत्या. काम उरकून त्या काठावर आल्या, आणि उभ्याच राहिल्या. त्यांनी पदर हलवले, वैरणीचे भारे उंच करून दाखवले. अल्याड चांगो इरलं घेऊन बसला होता आणि कान देऊन होता. पण हाक येईना. बायका हाक मारणार कशी? स्वतःचं नाव ओरडून सांगायची रीत नाही, नवऱ्याचं नाव तर घ्यायचंच नाही, आणि समोरच्या घाटावर पाटील बसलेले, परीक्षा म्हणून तेही चांगोला काही सांगेनात. भर नदीवर सुनांनी आवाज चढवायचा, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सूर्य बुडायला आला, तेव्हा एका गुराख्यानं त्यांच्यासाठी हाक दिली. घरी तोवर तान्ही पोरं रडून रडून झोपली होती.

सकाळी चावडी भरली. रायाजी म्हणाले, "राहिली की नाही माणसं?"

"राहिली," चांगो म्हणाला. "मला दिसली नाहीत."

त्यानं वल्हं आणलं होतं. ते त्यानं पाटलांच्या पुढ्यात ठेवलं. येसू बायकांच्या घोळक्यात खांबाला धरून उभी होती. तेवढ्यात तिच्यामागून आवाज आला. तो पाटलांच्याच धाकट्या सुनेचा, राहीचा होता. सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, म्हणून ती येसूशी बोलली, पण असं, की सगळ्या चावडीला ऐकू जावं.

"येसूआत्या, मामंजींना विचारा. चांगोदादाला दिसत नाही, हे गावाला ठाऊक आहे. आम्हाला बोलता येतं, हे कुणाला ठाऊक आहे का?"

मग मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकला आल्यासारखं केलं.

एक म्हातारा करवादला, "म्हणजे आता बायकांनी नदीवर बोंबलायचं? नवऱ्याची नावं घ्यायची?"

"नवऱ्याचं कशाला?" चांगो म्हणाला. "माहेरचं घ्यावं. माहेरचं गाव सांगावं आणि आपलं नाव. त्याला कुणाची हरकत?"

माहेराला हरकत घेणारा माणूस त्या चावडीवर निघाला नाही. पाटलांनी वल्ह्याकडं पाहिलं. मग ते पायानं थोडं चांगोकडं सरकवलं. "दसरा अजून यायचाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका पल्याडच्या काठावर उभ्या राहिल्या आणि एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. "तू मार." "तू मार की, तुझा गळा मोठा, सासूला विचार!" शेवटी राहीनं पदर कमरेला खोचला आणि हाक मारली, "चांगोदादाऽऽ, नांदखोलची राहीऽऽ!"

आणि अल्याडहून उत्तर आलं, "आलो गंऽऽ!"

असं म्हणतात, की ती हाक डोंगराला लागून तीनदा परत आली, आणि राहीनं आपलं नाव इतक्या मोठ्यानं लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. मग काय, बोरजाईची गोजरा, खडकाळ्याची हौसा, एकेक नाव पाण्यावरून जाऊ लागलं. सासवा कुरकुरल्या. मग एक दिवस सासवाच पल्याड अडकल्या आणि त्याही ओरडल्या. ज्यांच्या माहेराला माणूस उरलं नव्हतं, त्यांच्याही माहेराचं नाव रोज संध्याकाळी नदीवर ऐकू येऊ लागलं.

त्या वर्षी भादव्यात वरच्या डोंगरात ढग फुटला. बायका पल्याड शेतात विखुरलेल्या होत्या. नदी बांधांवर चढली, शेतात शिरली, आणि वरून ढग असे खाली उतरले, की माणसाला आपल्या हातातली काठी दिसेना. चांगली नजर असलेली माणसं घाटावर उभी राहून डोळे ताणत होती, आणि समोर नुसता करडा धूर होता. त्या दुपारी सगळं गाव चांगोच्या डोळ्यांनी बघत होतं.

"जाऊ नको," माणसं म्हणाली. "काठ दिसत नाही."

"तो मला कधी दिसला होता?" चांगो म्हणाला, आणि नाव पाण्यात लोटताना त्यानं मागं वळून सांगितलं, "तिकडचा काठ बायका सांगतील. हा काठ तुम्ही सांगा. हाक थांबवू नका. थांबलात तर मी परत कुठं यायचं?"

पल्याडहून हाका येतच होत्या. बायका उंचवटे गाठून उभ्या होत्या आणि जिथं होत्या तिथून आपलं गाव, आपलं नाव सांगत होत्या. चांगो आधी बोरजाईच्या हाकेकडं गेला, मग खडकाळ्याच्या. ज्या आवाजाखाली पाणी चढलेलं, तो आधी. आणि अल्याड सगळं गाव ओरडत होतं. कुणी परात बडवत होतं, येसू लेकाचं नाव घेत होती. रायाजी पाटील तेवढे गप्प उभे होते. त्यांची सून अजून आली नव्हती. ती सगळ्यांत लांबच्या बांधावर होती, आणि शेजारी उभ्या बायकांचे गळे बसले तेव्हा त्यांच्याही नावाच्या हाका तीच देत होती.

शेवटच्या खेपेला होडी गेली आणि तिकडचा आवाज बंद झाला. राहीचा गळा संपला होता. चांगो धारेत नाव धरून थांबला. कुठं वळावं, हे त्याला कळेना. हाक नसली, की त्याला नदी रिकामी होती.

तेव्हा रायाजी पाटील गुडघाभर पाण्यात उतरले. ज्यांनी जन्मात कुणाला हाक मारली नव्हती, त्यांनी काठी टाकली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि आपल्या सुनेच्या नावानं हाक मारली, "राहीऽऽ! नांदखोलच्या राहीऽऽ! ओ दे गं, पोरी!"

असं म्हणतात, की त्या हाकेनं नदी क्षणभर थांबली. लाटा उठल्या होत्या तशाच उभ्या राहिल्या, पाऊस आभाळातच थबकला, आणि त्या शांततेत पलीकडून एवढासा आवाज आला, चिमणीएवढा. "ओ."

चांगोनं मान डावीकडं कलती केली आणि नाव वळवली.

दसऱ्याला पाटील घाटावर आले. सवयीनं त्यांचा हात काठीकडं गेला, पण त्यांनी काठी उचलली नाही. सगळ्या गावादेखत ते ओरडले, "चांगो! मी रायाजी. पल्याड जायचंय." आणि होडीत बसताना त्यांनी सोनं म्हणून आपट्याची पहिली पानं चांगोच्या हातात दिली. वल्ह्याचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. चांगो मरेपर्यंत ते त्याच्याच हातात राहिलं.

लोकांनी पुढं बरंच काही जोडलं. चांगोला अंधारात दिसायचं, त्याच्या पांढऱ्या केसांना पाणी शिवायचं नाही, तो माणूस नव्हताच, असंही म्हणतात. उंबरकाठची म्हातारी माणसं मात्र हे ऐकून मान हलवतात. त्याला दिसायचं नाही, ती सांगतात. ऊन लागायचं, फोड यायचे, चिडवलेलं मनाला लागायचं. त्याच्यासाठी गावाला हाक मारायची सवय लागली, आणि त्या दिवशी त्या सवयीनं गाव वाचवलं. चमत्कार हवाच असेल तर तो एवढाच धरा.

चांगोच्या मागं बऱ्याच वर्षांनी कुंभाराच्या घरी पांढऱ्या केसांची मुलगी जन्मली. सुईण बाहेर आली. दारात ग्रहणाचं नाव कुणी काढलं नाही. सुईण एवढंच म्हणाली, "मुलगी झाली. इरलं विणायला घ्या."

आता थोरलीवर पूल आहे. होडी कुजून गेली. घाटावर एक कट्टा आहे, आणि दर चैत्रात गाव त्यावर नवं इरलं विणून ठेवतं. ज्याला ऊन सोसत नाही, त्यानं ते न विचारता न्यावं. उंबरकाठात लांबून कुणी कुणाला हात हलवत नाही, नाव घेऊन हाक मारतात. आणि गावात नवी सून येते, तेव्हा वरात पुलाच्या मधोमध थांबते, वाजंत्री बंद होते. नवरी पुढं होते, तोंडाशी हात नेते, आणि माहेरचं गाव आणि आपलं नाव, जेवढा गळा असेल तेवढ्यानं सांगते. पहिल्यांदा आवाज फुटत नाही. गाव थांबतं. घाई कुणी करत नाही.

मग हाक येते, आणि काठावरची सगळी माणसं एका आवाजात उत्तर देतात, "आलो गंऽऽ!"