चष्म्यावरची नजर

पत्त्यांच्या क्लबात ब्रिजच्या टेबलावर ताम्हनकर समोर आले की प्रतिपक्ष आधीच चहा मागवून निवांत होई, आणि त्यात ताम्हनकरांना स्वतःलाही काही गैर वाटत नसे. अशा माणसावर एका रविवारी चक्क लबाडीचा आळ आला!

त्यांनी "दोन किलवर" अशी बोली लावली. समोर बसलेल्या त्यांच्या जोडीदाराने, म्हणजे पत्नी सुलभाताईंनी, चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. लगेच प्रतिपक्षातले, क्लबाचे अध्यक्ष रावसाहेब नाडकर्णी कडाडले, "ही खूण आहे! जोडीदाराला सांगायचं ते बोलीतूनच, आणि तिचा अर्थ आम्हालाही कळला पाहिजे. या नजरेचा अर्थ सांगा, नाहीतर क्लबातून नाव काढतो!"

ताम्हनकरांनी कपाळावरचा घाम पुसला. तो अर्थ तर ते स्वतःच लग्नापासून शोधत होते.

"रावसाहेब," ते म्हणाले, "मी काहीही बोललो तरी ही अशीच बघते. हातात एक्के असोत की दुर्र्या, नजर तीच. जी खूण कधी बदलतच नाही, तिच्यातून मला काय डोंबल कळणार? तुमचा खोकला मात्र बदामाची चांगली पानं आली तरच येतो."

रावसाहेब उसळून काही बोलायला गेले आणि त्यांना ठसका लागला. पानांत डोकं घालून बसलेले त्यांचे जोडीदार, डॉक्टर लिमये, पाळी नसतानाही सवयीने बोलून गेले, "दोन बदाम!"

सगळा क्लब हसला. ताम्हनकरांनी मोठ्या ऐटीत बायकोकडे पाहिलं. सुलभाताई चष्म्यावरून बघत होत्या. नजर तीच होती.