प्रगत गणिताची तोंडी परीक्षा

राज्याने नियम काढला, की ज्या शाळेला अकरावीला प्रगत गणिताचा वर्ग उघडायचा असेल, तिच्या शिक्षकाने आधी सरकारी प्रशिक्षण घेतले पाहिजे. त्या प्रशिक्षणाला लायक कोण, हे उपसंचालक कानविंदेसाहेब तोंडी परीक्षा घेऊन ठरवणार होते. साहेबांचा दरारा असा, की भलेभले मास्तर त्यांच्यासमोर स्वतःचे नावही चाचरत सांगत.

धानोऱ्याकडच्या शाळेतून हेमलता मडावी आल्या. त्यांच्या शाळेतल्या मुलींसाठी असा वर्ग नागपूरशिवाय कुठेच नव्हता, आणि एवढ्या लांब पोरींना धाडणार कोण? आज नकार मिळाला, तर मुलींचे गणित दहावीलाच संपणार होते.

साहेबांनी मुद्दाम अवघड प्रश्न घातला. आधीच्या मास्तरांनी काहीतरी ठोकून दिले होते, पण बाईंना तसे करवेना.

"माहीत नाही, साहेब."

साहेब हसले. "बाईंनाच माहीत नाही! मग तुमच्या वर्गात मुली शिकणार तरी काय?"

"माहीत नसलं की काय करायचं, ते शिकतील."

साहेबांचे हसू विरले. "बरं, काय करायचं असतं?"

बाई उठल्या आणि त्यांनी फळ्यावर तोच प्रश्न जरा सोपा करून मांडला. मध्येच अडल्या, पुसले, पुन्हा मांडले. बघता बघता साहेबही खुर्ची सोडून फळ्याशी आले आणि "हे असं करून पाहू या का?" म्हणू लागले.

उत्तर निघाले, तेव्हा दोघांचीही बोटे खडूने पांढरी झाली होती.

"प्रशिक्षणाला या," साहेब हळूच म्हणाले, "आणि पहिला तास तुम्हीच घ्या."