दोर सोडू नका

आमचा वाघेरी तालुका म्हणे नशामुक्त झाला, म्हणून आमदार रणधीर काटकरांचा सत्कार ठेवला होता. टाळ्या वाजवायला आम्ही मेंढरं होतोच. पाच वर्षांत पावडरचा एकही गुन्हा नाही, असं आमदार छाती काढून सांगत होते. गुन्हा असणार कुठून? तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला ठाण्यातनं चहा पाजून परत पाठवतात.

"माझ्या तालुक्यात पावडर मिळते म्हणणाऱ्यानं जागा दाखवावी," आमदार गरजले. "आत्ता पोलीस पाठवतो."

तेवढ्यात हौसाबाई लोखंडे उठली. तिचा तरणा पोरगा अमर या पावडरनंच खाल्लाय. घरी ठेवला तर पळतो, म्हणून त्याच्या कमरेचा दोर आपल्या मनगटाला बांधून ती त्याला सभेला घेऊन आली होती.

"जागा मला ठाऊक नाही, साहेब. याला ठाऊक आहे, पण मेलं तरी सांगत नाही," ती म्हणाली. "मी दोर सोडते. हा सरळ तिथंच जाईल. तुमचे पोलीस याच्या मागनं जाऊ द्या."

तिनं गाठीला हात घातला. फौजदार आमदारांकडं बघायला लागला.

"अहो ताई, दोर सोडू नका," आमदार घाईनं म्हणाले.

"म्हणजे हा कुठं जाईल ते तुम्हालाही ठाऊक आहे," हौसाबाई म्हणाली. "मग पोरगा कशाला, तुम्हीच चला की पुढं."

आमदार उठून गाडीत बसले. पोलीस निघाले, पण आमदारांच्या गाडीमागनं. हौसाबाईनं सैल झालेली गाठ पुन्हा आवळली.